खंडेनवमीला पुसलेले दोन कप्पे

दिल्लीतल्या लक्ष्मीबाई नगरच्या ताई नसत्या तर एका बाईंचा आवाज कायमचा गेला असता, आणि तो माझ्या हातून गेला असता. हे आधी लिहून टाकते. नाहीतर माझी सवय अशी, की काय झालं ते सांगता सांगता मी माझ्या घाबरण्याचंच पुराण लावते आणि ज्यांनी सावरलं त्यांचं राहूनच जातं. ताईंनी बजावलंय, "माझं नाव कुठे घालायचं नाही हं, बिल्कुल नाही." म्हणून नुसतं ताई.

ताई सरकारी नोकरीत कंप्युटरवर होत्या, आता रिटायर आहेत. मुलाच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहतात. शाळा-कॉलेज सगळं दिल्लीत झालेलं, त्यामुळे मराठी बोलता बोलता हिंदीत कधी शिरतात ते त्यांनाही कळत नाही. नोएडात मी जिथे कामाला आहे तिथलं मशीन त्या आपण होऊन सांभाळतात.

ते काम असं. एका कुरियरच्या गोदामाच्या वरच्या मजल्यावर आमच्या तीन खोल्या आहेत. तिथे मराठी शाळेची पुस्तकं मोठ्याने वाचून रेकॉर्ड करतात, डोळ्यांनी दिसत नाही अशा मुलांसाठी. मुलं सगळी महाराष्ट्रातली. वाचणारी माणसं दिल्ली, नोएडा, गुरुग्रामची, बहुतेक निवृत्त. मी झाडलोट करते, चहा करते, वाचायला येणाऱ्यांच्या वेळा लावते, आणि आत वाचन चाललं असेल तेव्हा कुणी दार आपटणार नाही हे बघते. माझी शाळा नववीत सुटली. गाव साताऱ्याकडचं, हायस्कूल लांब, आई अंथरुणाला, घरात धाकटी दोन. पुढे लग्न झालं, हे फौजेत, म्हणून मी दिल्लीला कॅन्टोन्मेंटमध्ये आले. मग ह्यांचं पोस्टिंग वर डोंगरात लागलं आणि मी क्वार्टरमध्ये एकटी. शेजारच्या हवालदारीणबाईंनी हे काम सांगितलं. सदर बाजारला मेट्रोत बसायचं आणि बोटॅनिकल गार्डनला उतरायचं, मध्ये गाडी बदलायची नाही, एवढ्या एका गोष्टीवर मी हो म्हटलं. गाडी बदलायची असती तर मी नाही म्हटलं असतं.

मधल्या खोलीत टेबलाखाली एक काळं खोकं आहे. वाचलेलं सगळं त्यात जाऊन बसतं, आणि मुलांनी धडा मागितला की त्यातूनच इंटरनेटवरून जातो. मी पहिल्यांदा विचारलं तेव्हा ताई म्हणाल्या, "यात दोन डिस्क आहेत. वरच्या कप्प्यात एक, खालच्या कप्प्यात एक. जे वरची लिहिते तेच खालची लिहिते. शब्दाला शब्द."

"मग एवढं दोनदा कशाला?"

"शाळेत शेजारच्याचं बघून लिहायचीस की नाही?"

"नाही हो ताई!"

"खोटं नको बोलूस. समज, बाईंनी फळ्याजवळ उभं राहून सांगितलं आणि बाकावरच्या दोघींनी आपापल्या पाटीवर एकदम लिहिलं. एकीची पाटी फुटली. धडा गेला का?"

"नाही."

"मग नवी पाटी आणायची, आणि जिची शाबूत आहे तिच्यावरून उतरवून घ्यायचं. बस्स, एवढंच."

मी फोनवर ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, "आमच्यात बडी असतो तसंच की. दोघं जोडीनं. पण दोघांच्या पाठीवर सामान सारखंच? मग उचलायचा फायदा काय?" मी म्हटलं, एक पडला तर कळेल. आपण काय बोलून गेलो ते मला फोन ठेवल्यावर कळलं.

त्या दिवसापासून खोक्याशेजारून जाताना माझं पाऊल आपोआप हळू पडायला लागलं. आत कुणी वाचत असलं की वाटायचं, बाहेर या काळ्या डब्यात दोघीजणी मान खाली घालून लिहितायत, एक शब्द न चुकता, आणि एकमेकींकडे बघतसुद्धा नाहीत.

आता त्या बाईंचं सांगते. त्या निवृत्त शिक्षिका. दहावीचं विज्ञान त्या वाचत होत्या. त्यांचा आवाज असा, की मी केर काढताना हातातला झाडू थांबायचा. वाचताना त्या मध्येच आपणहून समजावून सांगायच्या, "इथे आकृती आहे बरं का मुलांनो, डाव्या बाजूला भिंग आहे, त्यातून किरण येतोय," असं. आकृती न बघताही ती मला दिसायची. त्यांच्या घशात गाठ निघाली होती, ऑपरेशनची तारीख ठरली होती. डॉक्टरांनी सांगितलं होतं, पुढे आवाज राहील पण असा राहणार नाही. म्हणून त्यांनी शेवटचे पाच धडे तीन आठवड्यांत घाईघाईने वाचून टाकले. रोज यायच्या, गरम पाण्याचा थर्मास घेऊन. शेवटचा धडा संपला तेव्हा त्यांनी माईकला नमस्कार केला आणि मला म्हणाल्या, "झालं गं. आता मार्चला पोरं परीक्षेला बसतील तेव्हा मी त्यांच्या कानात असेन."

ताई दर शुक्रवारी खोक्यातल्या सगळ्याची वेगळी नक्कल काढून घरी नेत. पण नेमकं त्याच सुमारास त्यांचं उजवं मनगट मोडलं, जिन्यात पाय घसरून. प्लास्टर चढलं. तीन शुक्रवार चुकले. म्हणजे बाईंचे ते पाच धडे, मुलांकडेही अजून न गेलेले, जगात एकाच ठिकाणी होते, त्या खोक्यात.

आणि मी काय केलं होतं तेही सांगायलाच हवं.

खंडेनवमीला आमच्या घरी विळी, कोयता, नांगर, सगळं पुसून पाटावर मांडायचं आणि हळदकुंकू वाहायचं. इथेही ते चालतं. माईक, हेडफोन, रेकॉर्डरची पूजा मीच मांडते. ताईंनी आदल्या वर्षीच सांगून ठेवलं होतं, "मशीनवर हळद नको हं. पंख्यात जाते. लांबूनच नमस्कार." त्या दिवशी सफाईसाठी खोकं बंद करायचं होतं, ताईंनी घरूनच ते बंद केलं आणि फोनवर मला सांगितलं, बाहेरून धूळ पूस आणि संध्याकाळी बटण दाब. मी धूळ पुसली. मग वाटलं, बाहेरून पुसून काय होतंय, लिहिणाऱ्या तर आत आहेत. कप्प्यांना खिट्ट्या होत्या. दाबल्या तर कप्पे ड्रॉवरसारखे सरसर बाहेर आले. मी दोन्ही काढले, कोरड्या फडक्याने पुसले, पाटावर माईकशेजारी ठेवले. हळद लावली नाही, तेवढं ताईंचं ऐकलं. एकेक झेंडू ठेवला, नमस्कार केला, आणि संध्याकाळी परत आत सरकवून बटण दाबलं. सगळं सुरू झालं. कुणाला काही कळलं नाही.

साधारण महिन्याने एका सकाळी नऊ-साडेनऊला ताई हजर. हात गळ्यात अडकवलेला, खांद्याला पिशवी.

"मशीनने मला रात्री पत्र पाठवलंय," त्या म्हणाल्या. "एक डिस्क गेली म्हणून."

"मशीन पत्र पाठवतं?"

"नवरा नाही पाठवत, मशीन पाठवतं. चल, खुर्ची दे."

त्या दिवशी गुरुग्रामचे एक काका नागरिकशास्त्र वाचायला आले होते. ताईंनी त्यांना दारातच थांबवलं. "काका, आज वाचन नाही. आज फक्त चहा."

"म्हणजे लोकशाही आज बंद?"

"दुपारपर्यंत."

काका चहा घेऊन बाहेरच्या खोलीत पेपर वाचत बसले. ताईंनी डाव्या हाताने टाइप करून स्क्रीनवर काहीतरी आणलं आणि मला जवळ बोलावलं. "हे बघ. हा कंस. यात दोन जागा. नेहमी दोन्ही जागी अक्षर असतं. आज?"

एका जागी अक्षर होतं. दुसऱ्या जागी नुसती आडवी रेघ.

एवढीशी रेघ. पण पटावर हजेरी लावताना न आलेल्या मुलापुढे मास्तर आडवी रेघ मारायचे ना, तशी.

ताईंनी आधी बाईंचे पाच धडे वेगळे काढून घ्यायचा प्रयत्न केला. पिशवीतून छोटी डिस्क काढली, जोडली, आणि आम्ही वाट बघत बसलो. अर्धा तास झाला तरी पहिल्या धड्याचा तुकडासुद्धा पुढे सरकला नाही. मेलेली डिस्क पूर्ण मेलेली नव्हती. ती मध्येच वळवळायची आणि सगळं मशीन तिच्यासाठी खोळंबायचं.

"ही आजारी आहे आणि चांगलीला श्वास घेऊ देत नाहीये," ताई म्हणाल्या. "हिला बाहेर काढल्याशिवाय काही निघणार नाही. काढताना मशीन बंद करायची गरज नसते, चालू असतानाच खेचता येते. नवी मी आणलीये. साड्यांच्या कपाटात ठेवलेली, दोन वर्षं झाली."

त्यांनी पिशवीतून नवी डिस्क काढली, चंदेरी, छोट्या पोथीएवढी. मग खोक्याच्या बाजूला चिकटवलेला कागद वाचला. कागद ताईंच्याच हातचा: वरचा कप्पा, या नंबरची डिस्क; खालचा कप्पा, त्या नंबरची. नंबर लांबलचक, इंग्रजी अक्षरं आणि आकडे मिसळून. स्क्रीनवर लिहिलं होतं की जी गेली तिच्या नंबराची शेवटची चार अक्षरं दोन, डब्ल्यू, एफ, चार. कागदावर ती खालच्या कप्प्यासमोर होती.

"खालची," ताई म्हणाल्या. "माझा हात असा, तेव्हा तूच खेच. खिट्टी दाब, सरळ ओढ. घाबरू नको."

मी खाली बसले. खालच्या खिट्टीवर बोट ठेवलं. आणि तेव्हा मला पाट आठवला. पाटावरचे दोन कप्पे, दोन झेंडू. दोन्ही अगदी सारखे. परत आत घालताना कुठला वर घातला होता?

मला आठवेना. मी डोळे मिटून आठवलं, तरी पाटापर्यंतच दिसायचं, पुढचं दिसायचंच नाही.

"काय झालं?"

"ताई, चुकीची खेचली तर?"

"तर चांगली बाहेर येईल आणि आत आजारी राहील. मशीन तिथल्या तिथे आडवं होईल. परत लावली तर कदाचित उठेल. कदाचित नाही. पण तू चुकणार नाहीस, कागदावर लिहिलंय ना."

कागदावर लिहिलंय ना. ताईंचा त्या कागदावर विश्वास होता. मला वाटलं, गप्प बसावं. कदाचित बरोबरच घातले असतील. सांगितलं तर कामावरून जाईन, आणि गेले तर पुन्हा त्या क्वार्टरच्या चार भिंती. हे सगळं एका क्षणात मनातून गेलं. मग कानात बाईंचं ते आलं, मार्चला मी पोरांच्या कानात असेन.

मी खिट्टीवरचं बोट काढलं.

"ताई, खंडेनवमीला मी दोन्ही कप्पे बाहेर काढले होते. पुसायला. पाटावर ठेवले होते. परत घालताना कुठला कुठे गेला, मला माहीत नाही."

ताईंनी माझ्याकडे बघितलं. बाहेरच्या खोलीत काकांच्या पेपराची पानं वाजली. मला वाटलं आता तोंडाचा पट्टा सुटणार. माझ्या घरी सुटला असता. मी स्वतःच्या धाकट्या भावाला याहून कमी चुकीला झोडपलंय.

"हळद लावलीस?"

"नाही. फक्त फूल."

"अच्छा." मग म्हणाल्या, "म्हणजे कागद गेला कामातून. चलो. आता आपल्याला नक्की काय माहीत आहे, तेवढंच धरून चालू."

एवढंच. नंतरही कधी काही नाही.

मी म्हटलं, मशीन बंद करूया, दोन्ही बाहेर काढून त्यांच्यावरचे नंबर वाचूया. ताईंनी मान हलवली. "खंडेनवमीला बंद करून चालू केलं आणि महिन्यात एकीने मान टाकली. दुसरी तिची जुळी बहीण, एकाच दिवशी आणलेली. या म्हाताऱ्या एकदा फिरायच्या थांबल्या की कधी कधी परत उठतच नाहीत. बाईंचे धडे तिच्या एकटीच्या पोटात आहेत. मी तिला थांबवणार नाही."

"पण मी काढले तेव्हा चालल्या की. अदलाबदल झाली तरी मशीनला कळलं नाही?"

"मशीनला सगळं कळतं. कुठल्याही कप्प्यात घाल, त्या आपली ओळख आतच लिहून ठेवतात, मी कोण आणि माझी जोडीदार कोण. गोंधळ फक्त आपला होतो, कागदवाल्यांचा."

मला त्या अडचणीतही हे ऐकून नवल वाटलं. माझ्यासारखीला दिल्लीला आणून ठेवलं तर मीच कोण ते मला चार वर्षं कळेना, आणि या दोघी जागा बदलूनही एकमेकींना धरून होत्या.

मग ताईंनी जे केलं ते मी कधी विसरणार नाही. त्या म्हणाल्या, "कप्प्यांना दिवे नाहीत, नाहीतर दिव्याने कळलं असतं. तेव्हा तुझी बोटं वापरू. मी चांगल्या डिस्कला इथून हुकूम देते: थोडं वाच, थांब, थोडं वाच, थांब. वाचते तेव्हा आतली सुई धावते, आणि बाहेर जरासा थरथराट येतो. तू बोटांची टोकं कप्प्यावर ठेव. डोळे मीट. मी किती वेळा वाचायला लावणार ते सांगणार नाही. तू मोजून सांग."

"आणि बोटांना खोटंच वाटलं तर?"

"म्हणून तर आकडा सांगत नाही. भीतीला मोजता येत नाही, यार."

मी आधी खालच्या कप्प्यावर बोटं ठेवली. पत्रा कोमट होता. आधी काही कळेना. माझ्याच नाडीचे ठोके. मी श्वास सोडला. मग एक बारीक, एकसारखी गुणगुण लागली, आत काहीतरी गरागरा फिरत असल्याची. ताईंनी एंटर दाबल्याचा आवाज आला.

गुणगुणीच्या वर एक खरखर आली. आली आणि गेली. परत आली. गेली. जणू पत्र्याखाली कुणी नखाने लिहीत होतं.

"चार," मी म्हटलं.

"आता वरचा."

वरच्या कप्प्यातही फिरण्याची गुणगुण होती. एंटर वाजलं. मी वाट बघितली. गुणगुण तशीच, सपाट. काही नाही.

"काही नाही, ताई."

"परत खाली."

"सात."

"परत वर."

"काही नाही."

"खाली."

मी बराच वेळ थांबले. "यावेळी खालीपण काही नाही."

"कारण मी यावेळी हुकूमच दिला नव्हता," ताई म्हणाल्या. "आधीचे चार आणि सात बरोबर. चांगली खालच्या कप्प्यात आहे. कागद उलटा."

मी तशीच फरशीवर बसून राहिले. ज्या खिट्टीवर मी मघाशी बोट ठेवलं होतं तिच्यामागे बाईंचे पाचही धडे फिरत होते. कप्पा ओढायला एक क्षण लागला असता.

"बसलीस काय? काढ वरची."

मी वरची खिट्टी दाबली. कप्पा ओढताना मी ताईंच्या चेहऱ्याकडे बघत होते आणि ताई स्क्रीनकडे. कप्पा बाहेर आला. स्क्रीन जागच्या जागी होती. ताई म्हणाल्या, "नंबर वाच. सावकाश." डिस्कच्या पोटावर छोटा छापील कागद होता. इंग्रजी अक्षरं मला येतात, पण कुणी बघत असलं की सगळी एकसारखी दिसायला लागतात. मी एकेक बोट ठेवून वाचलं: दोन, डब्ल्यू, एफ, चार. ताईंनी तेच स्क्रीनवरून मला परत म्हणून दाखवलं. मगच त्यांनी मोठा श्वास सोडला, आणि मला कळलं की इतका वेळ त्याही घाबरल्या होत्या.

आजारी बाहेर जाताच मशीन मोकळं झालं. बाईंचे पाच धडे पंधरा मिनिटांच्या आत छोट्या डिस्कवर उतरले. ताईंनी ती माझ्या हातात दिली. "पदरात बांध."

मी ओढणीच्या टोकाला खरंच गाठ मारली. काकांनी दारातून डोकावून विचारलं, "लोकशाही सुरू?" ताई म्हणाल्या, "अजून नाही. मतमोजणी बाकी आहे."

नवी डिस्क आम्ही त्याच कप्प्यात बसवली, चार स्क्रू काढून, चार लावून. स्क्रू मी लावले. कप्पा आत सरकवला, खिट्टी लागली. आता खरी भीती पुढे आहे असं ताई म्हणाल्या, कारण आता मशीनला सांगायचं होतं की कुणावरून कुणावर उतरवायचं. उलटं सांगितलं तर नवीचं कोरेपण जुनीवर उतरेल. त्यांनी ओळ टाइप केली पण एंटरवर बोट ठेवलं नाही.

"तू वाच. मी ऐकते."

"मला त्यातलं काय कळतंय?"

"म्हणूनच तू वाच. मला कळतं म्हणून मी डोळ्यांनी घाईघाईत पुढे जाते. तू एकेक अक्षर वाचशील."

मी एकेक अक्षर वाचलं. ताईंनी डोळे मिटून ऐकलं, मग मला जुनीचं अक्षर कुठलं आणि नवीचं कुठलं ते विचारलं, आणि मी बोटाने दाखवलं. माझी नववीत सुटलेली शाळा आणि त्यांची एवढी मोठी नोकरी, पण त्या ओळीपुढे आम्ही दोघी सारख्याच सावकाश होतो. मग त्यांनी एंटर दाबलं.

स्क्रीनवर एक आकडा आला. शून्य पूर्णांक एक टक्का. रेघ अजून होती तिथेच.

पुढचे पाच तास मी त्या आकड्याकडे बघत काढले असं म्हटलं तरी चालेल. ताईंनी डबा उघडायला लावला, मी पोळीचा घास हातात धरून आकडा बघायचे. काका तेवढ्यात आत जाऊन वाचायला लागले. ताईंनी परवानगी दिली. म्हणजे इकडे जुनी डिस्क पाच वर्षांचं सगळं नवीला सांगत होती, आणि तिकडून काकांचा नवा शब्द आला की तोही दोघी लिहून घेत होत्या. महाराष्ट्रात कुठेतरी एखादी मुलगी त्याच वेळी धडा मागत असेल तर तोही जुनीच पुरवत होती. आणि तिला धापसुद्धा लागत नव्हती. मी हात लावून बघितला. कोमट. तीच गुणगुण, आता खरखर अखंड.

"ताई, निम्मी तर रिकामी आहे म्हणालात ना? मग एवढा वेळ का?"

"ती रिकामंही उतरवते. जिथे काही लिहिलेलं नाही तीही जागा तशीच्या तशी. तिला माहीत नसतं कुठलं महत्त्वाचं आणि कुठलं नाही. ती निवडत नाही."

मला आमच्या गावचं देऊळ, समई, काहीही आठवलं नाही. मला फक्त वाटलं की मी एका फार मोठ्या गोष्टीशेजारी डबा घेऊन बसले आहे. एवढासा डबा, आत हजारो तासांचं बोलणं. कुणाचं खोकणं, कुणाचं पान उलटणं, बाईंचं "थांब, परत घेते". आणि ते सगळं एक म्हातारी एका नवीला बसून सांगतेय, एकही चूक न करता, आणि न लिहिलेलंही सांगतेय. मला रडू आलं. ताई म्हणाल्या, "अगं पोळी मऊ आहे, तुला काय झालं?"

साडेचारच्या सुमाराला आकडा नव्याण्णववर जाऊन अडकल्यासारखा झाला. मग तो नाहीसाच झाला. मी ताईंचा प्लास्टरचा हात धरला, त्या "आई गं" म्हणाल्या. कंसात दोन्ही जागी अक्षर होतं.

आम्ही बाईंचा शेवटचा धडा उघडला, जुन्या-नव्या जोडीवरून. त्यात थर्मासचं झाकण उघडल्याचा आवाज आहे, घोट घेतल्याचा आवाज आहे, आणि मग बाई. ताई आणि मी एकाच हेडफोनचा एकेक कान धरून ऐकत होतो. बाईंचं ऑपरेशन आता झालंय. त्या फोनवर कुजबुजल्यासारखं बोलतात. मी त्यांना अजून यातलं काही सांगितलेलं नाही.

मी मात्र धरून चालले होते की ताई वर कळवतील तेव्हा माझं नाव निघणारच. संध्याकाळी त्यांनी मशीनच्या वहीत माझ्याकडून लिहून घेतलं, डाव्या हाताने त्यांना लिहिता येत नव्हतं. त्यांनी सांगितलं ते असं: डिस्क बदलली. कप्पे सफाईत बदलले गेले होते, हे वेळेवर सांगितल्यामुळे डेटा वाचला. चूक ही, की नंबराचा कागद खोक्यावर लावला होता, कप्प्यांवर नाही. कागद लावणारी, आणि पुढे त्यांचंच नाव. मी पेन थांबवलं.

"ताई, हे बरोबर नाही. चूक माझी होती."

"तुझी चूक तू खिट्टीवरून बोट काढलंस तेव्हाच संपली. ही माझी राहिलीये. लिही."

मी लिहिलं. मला इतक्या लोकांनी इतक्या गोष्टींसाठी रागावलंय, की न रागावलेलं माणूस कसं पेलायचं हेच मला येत नाही. दोन दिवस मी त्यांच्यासमोर नीट बोलू शकले नाही. पेढे नेले तर म्हणाल्या शुगर आहे. साडी नेली असती तर म्हणाल्या असत्या डिस्क ठेवायला जागा राहू दे. कप्प्यांवर आता नंबर मी स्वतः चिकटवलेत. दर शुक्रवारी नक्कल काढायचंही शिकले आहे, ताई शेजारी बसून बघतात, कमी बोलतात. कंसातली दोन अक्षरं मी रोज सकाळी झाडू हातात घ्यायच्या आधी बघते.

परवा बोलता बोलता कळलं, ताईंची मोठी बहीण पुण्याला असते, आणि पाच वर्षांत ताई तिच्याकडे चार दिवसांच्या वर राहिलेल्या नाहीत. मशीनचं पत्र येईल, म्हणून. बहीण दर वेळी रुसते. ताईंनी ते हसत सांगितलं आणि विषय बदलला.

ताई, तुम्ही हे वाचाल की नाही माहीत नाही. वाचलंत तर माझ्या शुद्धलेखनावर खुणा कराल. मला अजून खूप यायचंय, ओळी अजून एकेक अक्षर लावून वाचते, आणि ह्यांचं पोस्टिंग बदललं तर मी कुठे असेन तेही माझ्या हातात नाही. पण जिथे असेन तिथून येईन. एक दिवस तुम्ही पुण्याला जाल, चार दिवसांसाठी नाही, पुरता एक महिना. मशीनचं पत्र माझ्याकडे येईल. मी तुम्हाला एकही फोन करणार नाही.